मळखेडचा हार आणि तबल्यावरची वाळू

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास आणि कविता यांवर बोलणारे विद्वान अनेक आहेत, हे ओळखून कार्यकारी मंडळाने मला विज्ञानावर बोलण्याची आज्ञा केली. आणि वर अशी अट घातली की नुसते बोलू नका, काही करून दाखवा. ही अट मला मनापासून आवडली. म्हणून आजचा विषयच मी 'प्रात्यक्षिक' असा घेतला आहे.

हा शब्द आपल्या शाळांत फार स्वस्त झाला आहे. प्रात्यक्षिक म्हणजे परीक्षेतील काही गुण, एवढाच अर्थ त्याला उरला आहे. वस्तुतः आपल्या दर्शनकारांनी प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानले आणि त्याच्या पाठोपाठ अनुमानाला बसवले. डोळ्यांनी पाहिले, आता त्यावरून काय ठरते ते बोला, असा तो क्रम आहे. गारुडीही प्रत्यक्ष दाखवतो. टोपलीखालून आंबा काढतो, सुरी गिळतो. परंतु तो अनुमानाच्या दाराशी प्रेक्षकाला अडवतो, कारण कारण कळले की त्याचे पोट बुडते. शिक्षकाचे उलटे आहे. प्रेक्षक 'असे कसे?' म्हणाला की त्याचे काम सुरू होते. आपल्या भागात या दोघांतला भेद जाणणे हा केवळ शैक्षणिक प्रश्न नाही. त्याकडे मी शेवटी येईन.

कोहिनूर, बसवकल्याण, आळंद, भालकी या पट्ट्यातील मराठी माणसाला ज्ञान नेहमीच दोन-तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून जाऊन मिळवावे लागले. निजामी राजवटीत शाळेची भाषा उर्दू, बाजाराची कन्नड आणि घरची मराठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर उर्दूची जागा कन्नडने घेतली. अशा मुलखात मराठी पुस्तकाला घर मिळाले ते ग्रंथालयात. पण विज्ञानाची एक सोय अशी आहे की त्याचा पहिला धडा भाषेवाचून देता येतो. वस्तू खाली पडते ती कोणत्याही माध्यमात पडते.

तेथूनच आरंभ करू. माझ्या हातात हे ग्रंथालयाचे जाडजूड पुस्तक आहे आणि हा त्याहून लहान कागदाचा तुकडा. दोन्ही वेगवेगळे सोडले. पुस्तक धाडकन पडले, कागद डुलत डुलत आला. जड वस्तू लवकर पडते, हे आपले रोजचे मत खरे ठरले असे वाटते. आता कागद पुस्तकाच्या पाठीवर ठेवून पुस्तक सोडतो. पाहा, कागद मागे राहिला नाही. येथे एखादा चौकस मुलगा उठून म्हणेल की पुस्तकाच्या मागे पोकळी होते आणि ती कागदाला ओढते. असा मुलगा वर्गात असेल तर मास्तरांनी त्याला बसवू नये, पुढे बोलवावे. त्याची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बोलून देता येत नाही, दुसऱ्या प्रयोगानेच द्यावे लागते. तोच कागद चुरगाळून त्याचा बोळा केला आणि पुस्तकापासून हातभर दूर धरून दोन्ही सोडले. दोन्ही जवळजवळ एकदमच टेकले. कागदाचे वजन तेच होते. बदलली ती त्याला अडवणारी हवा. १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिन याने हॉलंडमधील डेल्फ्ट येथे शिशाचे दोन असमान गोळे उंचावरून टाकून हेच दाखवले, आणि १९७१ मध्ये अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर, जेथे हवाच नाही तेथे, हातोडा आणि पिसू नव्हे, पक्ष्याचे पीस एकदम सोडून दाखवले. दोन्ही बरोबर पडले. स्टेव्हिनपासून स्कॉटपर्यंत पावणेचारशेहून अधिक वर्षे गेली. हा बोळा मात्र फुकट आहे.

आता गणिताकडे वळतो. गणिताचे प्रात्यक्षिक म्हटले की लोक साशंक होतात. पण या शास्त्रातील फार देखणी प्रात्यक्षिके आपल्याच अंगणात रचली गेली आहेत. कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड नावाचे गाव आहे. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात येथे अमोघवर्ष नृपतुंगाचे राज्य होते. त्याच्या काळात, सुमारे इ. स. ८५० मध्ये, महावीराचार्य या जैन पंडितांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्याच्या आरंभी या राजाची स्तुती केली. ग्रंथ ज्योतिषाचा भाग म्हणून न लिहिता केवळ गणिताचा म्हणून लिहिलेला आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. १९१२ मध्ये मद्रासला एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला, आणि १९६३ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरातून लक्ष्मीचंद्र जैन यांनी संपादिलेली हिंदी अनुवादासह आवृत्ती निघाली. म्हणजे मळखेडचा ग्रंथ मद्रासची प्रदक्षिणा करून सोलापूरपर्यंत परत आला. आपल्या कपाटापर्यंत तो आला आहे काय, हे ग्रंथपालांनी पाहावे.

या ग्रंथातील गुणाकाराच्या उदाहरणांत आचार्यांनी एक गंमत केली आहे. काही गुणाकार असे निवडले आहेत की उत्तर डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, सारखेच येते. अशा संख्यांना त्यांनी कंठातील अलंकाराची, हाराची उपमा दिली. १३९ ला १०९ ने गुणा, १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एक्के ओळीने उभे राहतात: ११११११११. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, दोन टोकांना एक एक आणि मध्ये आठ शून्ये. आणि सर्वांत सुंदर हार हा: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. ज्यांच्या खिशात मोबाइल आहे त्यांनी आताच करून पाहावे. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाणारे आणि पुन्हा उतरत येणारे मणी.

येथवर आपण टाळी वाजवली, आणि येथेच थांबलो तर ती गारुड्याला दिलेली टाळी होईल. हा हार ओवला कसा? सहा एक्क्यांची संख्या घ्या, १११११1 नव्हे, नीट फळ्यावर लिहितो, १,११,१११. तिला तिनेच गुणा. शाळेत शिकल्याप्रमाणे एकाखाली एक सहा ओळी मांडा. प्रत्येक ओळ सहा एक्क्यांचीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. कडेच्या स्तंभात एकच एक्का, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, मधोमध सहा, आणि पुन्हा उतरते. हार आपोआप तयार झाला. मग २७९९४६८१ आणि ४४१ कोठून आले? १,११,१११ ला २१ ने नि:शेष भाग जातो आणि ५२९१ येतात. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. दोन वर्गांचा गुणाकार म्हणजे सहा एक्क्यांचा वर्ग. आचार्यांनी दोरा आत लपवला आणि मणी तेवढे दाखवले; ज्याला हौस असेल त्याने दोरा शोधावा. आठ एक्क्यांचे रहस्यही असेच आहे. ७३ गुणिले १३७ म्हणजे १०००१, आणि त्याला ११११ ने गुणले की आठ एक्के. १३७ आणि ११११ यांचा गुणाकार करून पाहा, १५२२०७ येतो.

या हाराची खरी परीक्षा तो तुटतो तेथे होते. सात, आठ, नऊ एक्क्यांच्या वर्गापर्यंत चढउतार बिनचूक राहतो. दहा एक्के घ्या. मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, एक हातचा डावीकडे जातो, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठाचा मणी गळाला, मध्ये दोन शून्ये शिरली. ज्याने केवळ पाठ केले होते तो येथे गोंधळतो. ज्याने उभ्या बेरजा पाहिल्या तो म्हणतो, असेच व्हायला हवे होते. नियम कोठपर्यंत चालतो आणि कोठे थांबतो, हे दोन्ही सांगता आले म्हणजे तो समजला.

अलीकडे संख्यांच्या असल्या गमतींची पुस्तके स्थानका-स्थानकावर विकली जातात आणि पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते अशी ग्वाही त्यांत दिलेली असते. मला ती वृत्ती मान्य नाही. महावीराचार्यांनी कितीतरी गोष्टी प्रथम स्पष्ट सांगितल्या. ऋण संख्या ही कोणाचाही वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी लिहिले. काही वस्तूंतून निवड किती प्रकारे करता येईल, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिला. हिरा, नीलम, पाचू, पोवळे आणि मोती यांचे एकसरी हार किती प्रकारचे होतील, असा प्रश्न त्यांनी घातला आहे. पाच रत्नांपैकी एक, दोन, तीन अशी निवड मोजत गेल्यास ३१ प्रकार होतात, हे घरी मण्यांवर करून पाहता येईल. त्याच आचार्यांचा आयतवृत्ताचे, म्हणजे लंबवर्तुळाचे, क्षेत्रफळ काढण्याचा नियम मात्र चुकीचा आहे. हेही सांगितले पाहिजे. त्याने त्यांचे मोठेपण रतिमात्र उणे होत नाही.

संख्यांचा हार डोळ्यांना दिसतो. आवाज मात्र दिसत नाही. तो दाखवायचा कसा, याची कथा मला अधिक प्रिय आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी विजापूरचा, म्हणजे आजच्या विजयपुराचा, गोल घुमट पाहिला असेल. १६५६ मध्ये मरण पावलेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तर समोरच्या बाजूच्या माणसाला शब्द ऐकू येतात, आणि एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी उठतात. टाळीचे गणित सोपे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या अंतराने आलेले दोन आवाज आपला कान वेगळे ओळखतो. कुजबुजीचे कोडे अधिक कठीण. वाटाडे सांगतात की आवाज घुमटाच्या माथ्यावर आपटून समोर उतरतो. तसे असते तर भिंतीला तोंड लावण्याचे काही कारण नव्हते.

लॉर्ड रेली या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाचा विचार करताना मत मांडले की आवाज अंतर्वक्र भिंतीला धरून, जणू सरपटत, पुढे जातो. ते पटवण्यासाठी त्याने घुमट बांधला नाही. जस्ताचा पत्रा वाकवून भिंत केली, एका टोकाशी बारीक तीव्र स्वराची शिट्टी ठेवली आणि दुसऱ्या टोकाशी आवाजाने थरथरणारी गॅसची ज्योत. शिट्टी वाजली की ज्योत फडफडे. मग पत्र्याच्या आतल्या अंगाला लागून एक अरुंद पट्टी मध्येच उभी केली, तशी ज्योत स्थिर झाली. आवाज भिंतीजवळूनच येत होता. पट्टीने त्याची वाट अडवली. एवढ्याशा पट्टीने वाटाड्यांची माथ्याची कथा निकालात निघते.

पुढे १९२१ मध्ये आपले चंद्रशेखर वेंकट रामन प्रथमच विलायतेला गेले. भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाच्या विकिरणाचा ध्यास लागला तो याच प्रवासात, हे सर्वांना माहीत असते. त्याच मुक्कामात त्यांनी सदरलँड यांच्यासह सेंट पॉलच्या सज्जात आवाजाची मोजणी केली आणि रेलीच्या उपपत्तीत सर्व काही सामावत नाही असे 'नेचर' नियतकालिकात कळवले, हे कमी जणांना माहीत असते. भारतातील अशा सज्जांचाही त्यांनी अभ्यास केला, आणि त्यांत आपला गोल घुमट होता.

रामन यांचे याहून घरगुती काम तबला-मृदंगावरचे आहे. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत पखवाज वाजवणारे डाव्या तोंडाला कणीक लावतात आणि उजव्या तोंडावर शाई असते. शाई कशासाठी, असे विचारले तर ते सांगतील की त्यावाचून सूर लागत नाही. उत्तर खरे आहे, पण अपुरे. साधे ताणलेले कातडे, समजा हलगीचे, थरथरते तेव्हा मूळ स्वराबरोबर इतर स्वरही उठतात. मूळ स्वराची कंपनसंख्या एक धरली तर त्यांची सुमारे १.५९, २.१४, २.३० अशी असते. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून हलगी खणखणते, पण तिला 'सा' लावता येत नाही. तारेच्या वाद्यात ते १, २, ३, ४ असे सरळ असतात आणि कानाला एकच गोड स्वर वाटतो. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर घासून घासून मधोमध बसवलेली शाई कातड्याचा मध्य जड करते आणि त्या वेड्यावाकड्या आकड्यांना जवळजवळ १, २, ३, ४, ५ या रांगेत आणून उभे करते. १९२० मध्ये रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह हे 'नेचर'मध्ये मांडले आणि १९३४ मध्ये, ते बंगळुरात असताना, सविस्तर प्रबंध लिहिला.

त्यांनी हे दाखवले कसे? पुडीवर बारीक वाळू भुरभुरून. ही युक्ती जर्मनीच्या क्लाड्नीची. १७८७ मध्ये त्याने धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज ओढला, आणि पत्रा जेथे थरथरत नव्हता तेथे वाळू गोळा होऊन रांगोळी उमटली. नेपोलियनने हा खेळ पाहिला. पुढे पॅरिसच्या अकादमीने या आकृत्यांचे गणित मांडणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या विदुषीने मिळवले. स्त्री म्हणून ज्या काळात तिला वर्गात बसण्याचीही मोकळीक नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. रामन यांनी तीच वाळू तबल्यावर आणली. बोटाने पुडीला योग्य जागी हलका स्पर्श ठेवून थाप दिली की वाळू कधी एका रेषेवर, कधी परस्परांना छेदणाऱ्या दोन रेषांवर, कधी वर्तुळावर जमते. एकाहून अधिक तऱ्हांची थरथर एकाच स्वराला मिळते, हे त्यावरून कळले: नऊ प्रकारची कंपने अवघ्या पाच स्वरांत सामावली होती. कोणा अनाम कारागिराच्या हाताने शतकांपूर्वी साधलेली गोष्ट या वाळूने पहिल्यांदा डोळ्यांना दाखवली. शाई लावणाऱ्याला समीकरण माहीत नव्हते. पण त्याचा कान खोटे बोलत नव्हता.

आता आरंभी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे मोहरमच्या अलाव्यात आणि वीरभद्राच्या जत्रेत निखाऱ्यांवरून अनवाणी चालण्याची चाल आहे. त्यामागील श्रद्धेचा उपमर्द करणे हा माझा हेतू नाही. प्रश्न पाय का भाजत नाहीत एवढाच आहे. आमच्या घरच्या स्त्रिया तापल्या तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतात. तव्याला मात्र चुकूनही बोट लावत नाहीत. भाकरी आणि तवा दोन्ही तापलेलेच असतात, पण लोखंड आपली उष्णता झपाट्याने बोटाला देते, भाकरी सावकाश देते. लाकडाचा निखारा आणि त्यावरची राख भाकरीच्या जातीची आहे. पाऊल क्षणभर टेकते आणि उचलते, तेवढ्यात पुरेशी उष्णता पायात शिरत नाही. उभे राहिले, किंवा निखाऱ्यांत लोखंडाचा तुकडा असला, तर भक्त आणि अभक्त दोघेही सारखेच भाजतात. कोणी घरी करून पाहू नये, हे मी स्पष्ट सांगतो. भाकरीचा दाखला पुरेसा आहे.

परंतु असल्याच गोष्टींचा धंदा करणारेही आहेत. मंत्र म्हणताच आपोआप पेटणारा होम आपण ऐकला असेल. समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे ठेवतात आणि तूप म्हणून ग्लिसरीन ओततात. थोड्या वेळाने ज्वाला उठते. त्यानंतर गाय विकली जाते, दागिने जातात, आजारी मूल दवाखान्याऐवजी बाबांच्या मठात नेले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हेच चमत्कार गावोगावी करून दाखवले आणि लगेच त्यांची कारणे उलगडून सांगितली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि २०१७ मध्ये कर्नाटकानेही तसा कायदा केला. कायदा हवाच. पण ज्या मुलाने शाळेत एकदा स्वतःच्या हाताने ते दोन पदार्थ, मास्तरांच्या देखरेखीखाली, एकत्र केले आहेत, त्याच्या घरची गाय मला अधिक सुरक्षित वाटते.

दुर्दैवाने अशी शाळा शोधावी लागते. प्रयोगाच्या साहित्याचे कपाट कुलपात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी, हे दृश्य मी या भागात एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. विज्ञान प्रदर्शनात लाव्हा ओकणारा ज्वालामुखी दरवर्षी असतो. तो का ओकतो ते सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. कलबुर्गीला १९८४ पासून जिल्हा विज्ञान केंद्र आहे. तेथे मुलांना वस्तू हाताळता येतात. सहली तेथे जरूर न्याव्यात. आणि महागड्या साहित्याची सबब पुढे करणाऱ्यांनी अरविंद गुप्ता यांची पुस्तके उघडावीत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमिती शिकवणाऱ्या या गृहस्थांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे हेच केले, आणि त्यांची कित्येक पुस्तके मराठीत आहेत.

ग्रंथालयाने शंभरी गाठली आहे, तेव्हा मागणे मागण्याचा अधिकार वक्त्याला असतो असे मी समजतो. पुस्तकांच्या कपाटांशेजारी एक लहान पेटी ठेवावी. तीत भिंग, चुंबक, दोरा, मणी, वाकवता येणारा पत्रा, मेणबत्ती, बारीक वाळू एवढे असले तरी चालेल. जसे पुस्तक सभासदाच्या नावावर घरी जाते तशी ही पेटी शाळांना आठवड्यासाठी जावी, आणि नोंदवहीत तिचेही पान असावे. पेटीबरोबर मराठीत लिहिलेली एक वही द्यावी. काय करायचे ते तीत लिहावे, आणि का झाले त्यासाठी अर्धे पान कोरे सोडावे. पेटी परत येताना ते पान भरलेले असले पाहिजे. नसेल तर दंड आकारावा. आश्रयदात्यांपैकी कोणी या पेटीचा खर्च उचलण्यास तयार असतील तर सभेनंतर कार्यवाहांना भेटावे. तो एका सत्कारातील शाल-श्रीफळाहून अधिक होणार नाही.

बोलणे पुष्कळ झाले. समोरच्या मेजावर भजनी मंडळाने दिलेला जुना तबला आहे आणि शेजारी चाळलेल्या वाळूची वाटी. सूर लावून झाला आहे. मोठ्यांनी कृपया जागेवरच बसावे आणि मुलांना पुढे येऊ द्यावे. थाप दिली की वाळू कोठे कोठे थांबते, ते त्यांच्याकडूनच आपण ऐकू.